ट्रंक कॉलचे कोल्हापूर, मोबाईलचे कोल्हापूर

गेल्या वर्षी आपल्या मंडळाच्या शेवटच्या आरतीच्या वेळी एका कार्यकर्त्याने कोल्हापूरला व्हिडिओ कॉल लावून फोन माझ्या वडिलांच्या हातात दिला. पलीकडे बाबांची धाकटी बहीण, म्हणजे माझी आत्या होती. बाबांचे वय ८५. त्यांनी फोन तोंडासमोर धरला आणि "हॅलो, हॅलो, ऐकू येतंय का गं?" असे इतक्या मोठ्याने विचारले की टाळ वाजवणारी मुले थबकली. माझा इंजिनिअर मुलगा हसत म्हणाला, "आजोबा, हळू बोला. तिकडे ऐकू येतं सगळं." बाबांनी त्याच्याकडे पाहिले आणि आवाज आणखी चढवला.

मीही हसले. पण बाबा का ओरडतात हे मला माहीत आहे आणि माझ्या मुलाला ते माहीत असण्याचे कारण नाही, हे घरी गेल्यावर जाणवले. आपल्या मंडळात १९६५ ते १९८० च्या दरम्यान जन्मलेले आपण पुष्कळजण आहोत. बोटाने तबकडी फिरवून फोन करायला आपण लहानपणी शिकलो आणि पडद्यावर बोट सरकवायला संसार मांडून झाल्यावर शिकलो. बाबांच्या ओरडण्याचे आणि मुलाच्या हसण्याचे, दोन्हीचे कारण ठाऊक असलेली माणसे तेवढी आपणच. म्हणून हा लेख.

भारतात टेलिफोन फार लवकर आला. मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथे १८८२ साली एक्स्चेंज सुरू झाली होती. पण त्यासाठी लागणारी यंत्रे बाहेरून येत. स्वातंत्र्यानंतर १९४८ साली आपल्या बंगळुरात इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज म्हणजे आयटीआय हा कारखाना उभा राहिला. त्याच्याभोवती जी वसाहत झाली तिचे नावच दूरवाणीनगर. 'दूरवाणी' हा टेलिफोनसाठीचा कन्नड शब्द. आपला 'दूरध्वनी' आणि त्यांची 'दूरवाणी', मध्ये फारसे अंतर नाही. बाबा १९६२ साली कोल्हापूर सोडून या कारखान्यात आले. कानडी येत नव्हते. इंग्रजी बेताचे. पण हात कसबी होता.

त्या काळी इथे प्रामुख्याने स्ट्रॉजर पद्धतीची एक्स्चेंज बनत. हे तंत्र अमेरिकेतल्या आल्मन स्ट्रॉजर या गृहस्थाचे. त्याचा पेटंट १८९१ चा. स्ट्रॉजरचा धंदा अंत्यविधीच्या व्यवस्थेचा होता. गावातली टेलिफोन ऑपरेटर त्याच्याकडे येणारे कॉल त्याच्या प्रतिस्पर्ध्याकडे वळवते, असा त्याला संशय आला म्हणून त्याने ऑपरेटरशिवाय चालणारे एक्स्चेंज शोधून काढले, असे सांगतात. बाबा ही गोष्ट फार रंगवून सांगत. संशयी माणसाने लावलेल्या शोधावर आपले घर चालते, असा त्यांचा शेरा असे.

या यंत्राची गंमत अशी की त्यात प्रत्येक आकडा खरोखर मोजला जात असे. आपण तबकडीत बोट घालून ५ फिरवला आणि सोडला की तबकडी परत येताना तारेतली वीज पाच वेळा तुटे. दर तुटीला एक्स्चेंजमधला लोखंडी हात एक पायरी वर चढे आणि मग आडवा फिरून मोकळी तार शोधी. शून्यासाठी दहा टिचक्या. म्हणून शून्य फिरवला की तबकडी सावकाश, पूर्ण वळसा घालून परत येई. एक्स्चेंजच्या खोलीत पावसाळी पत्र्याखाली बसल्यासारखा खटखटाट चाले. या सगळ्यात हजारो रिले असत आणि प्रत्येक रिलेच्या बारीक पात्यांचा ताण हाताने जुळवावा लागे. केसभर जास्त झाला तर संपर्क होत नाही, कमी झाला तर सुटत नाही. बाबांचे काम ते. त्यांच्या बोटांना तो ताण कळत असे.

आणि आमच्या घरी टेलिफोन नव्हता. यात कोणाला नवल वाटत नसे. देशभर टेलिफोनसाठी वर्षानुवर्षे नाव नोंदवून वाट पाहावी लागे आणि कारखान्यातल्या माणसाची रांग वेगळी नव्हती.

कोल्हापूरशी आमचा संबंध निळ्या अंतर्देशीय पत्राचा. आजोबांची अक्षरे मोडीच्या वळणाची, ओळी सरळ. तीन घड्या लिहून झाल्या की उरलेला मजकूर कडेच्या पट्टीवर आडवा, तिथेही मावला नाही तर डिंक लावायच्या जागेपर्यंत. पत्त्याखालचे सहा चौकोन भरण्याचे काम माझे. ५६००१६ हा आमचा पिनकोड मला पाढ्यांच्या आधी पाठ झाला असावा.

या पिनकोडमागे एक मराठी माणूस आहे, हे आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असते. श्रीराम भिकाजी वेलणकर हे केंद्रीय दळणवळण खात्यात अधिकारी होते आणि त्याचबरोबर संस्कृतचे कवी व नाटककार. एकाच नावाची अनेक गावे, निरनिराळ्या लिप्यांतले पत्ते आणि वाचता न येणारी अक्षरे यांतून टपाल वाट चुकत असे. त्यावर वेलणकरांनी सहा आकड्यांचा उपाय काढला. पहिला आकडा विभागाचा, दुसरा उपविभागाचा, तिसऱ्याने टपाल वर्गीकरणाचा जिल्हा कळतो आणि शेवटचे तीन आकडे पोस्ट ऑफिसचे. १५ ऑगस्ट १९७२ रोजी ही पद्धत सुरू झाली. महाराष्ट्राचा ४, कर्नाटकाचा ५. दाराशी उभा असलेला पोस्टमन तोच होता, पण गावाचे नाव आकड्यात लिहिण्याची सवय देशाला लागली ती तेव्हापासून. पुढच्या सगळ्या आकड्यांच्या युगाची ही मुंज एका संस्कृत पंडिताने लावली याची मला मौज वाटते.

पत्राला पाच-सहा दिवस. त्याहून घाई असेल तर तार. तारेची भीती आठवते ना? खाकी कपड्यांतला तारवाला सायकल टेकवून उभा राहिला की अख्ख्या चाळीचा श्वास अडके. लग्नकार्याच्या तारा असत तेव्हा मात्र मौज. खात्याने शुभेच्छांचे ठराविक मजकूर क्रमांक देऊन ठेवले होते. १ म्हणजे दिवाळीच्या शुभेच्छा, ८ म्हणजे सुखी आणि दीर्घ वैवाहिक जीवनासाठी शुभेच्छा, १६ म्हणजे नवदांपत्यावर स्वर्गीय आशीर्वादांचा वर्षाव. पाठवणारा नुसता आकडा लिहून देई आणि घेणाऱ्याच्या हाती पूर्ण वाक्य पडे. माझ्या लग्नात, १९९६ साली, अशा तारांचा गठ्ठा आला होता. आठ नंबरवाले जास्त, सोळा नंबरवाले थोडे मोठ्या मनाचे! खरे तर तारयंत्र टेलिफोनच्या आधीचे. आपल्याकडे कलकत्ता ते डायमंड हार्बर अशी प्रायोगिक तार १८५० मध्येच टाकली होती. आणि तारेत चालतो तो फक्त कट्ट-कडकट्ट, म्हणजे वीज आहे किंवा नाही. माझा मुलगा म्हणतो, म्हणजे तार डिजिटलच होती की. बरोबर आहे त्याचे.

१९८३ च्या जानेवारीत आमच्याकडे जी तार आली तिच्यात मजकूर होता, 'फादर सीरियस स्टार्ट इमिजिएटली'. या शब्दांचा अर्थ त्या पिढीत सर्वांना माहीत होता. 'सीरियस' म्हणजे झाले. आईने काही न बोलता बाबांची पिशवी भरली. तार उशिरा आली नव्हती. आदल्या रात्री केली, सकाळी पोचली. पण बंगळूर-मिरज तेव्हा मीटरगेज होते, गाडी संध्याकाळची, मिरजेला उतरून पुढे कोल्हापूर. बाबा पोचले ते तिसऱ्या दिवशी, राख सावडायच्या वेळेला. कोणाची चूक नव्हती. थोरल्या काकांनी तरी किती थांबायचे? बाबांना तार मिळाली की नाही, ते निघाले की नाही, गाडी सापडली की नाही, हे कळायला मार्गच नव्हता. तार एका बाजूची असते. तिला उत्तर द्यायला दुसरी तार करावी लागते आणि ती पोचेपर्यंत तुम्ही गाडीत असता.

ट्रंक कॉल करता आला असता, असे आज कोणी म्हणेल. १८० नंबर फिरवून कॉल नोंदवायचा आणि वाट पाहायची. साधा, अर्जंट आणि लाइटनिंग असे तीन दर होते. अर्जंटला दुप्पट पैसे, लाइटनिंगला आठपट. तीन मिनिटे झाली की ऑपरेटर मध्येच बोलत असे. आणि लागला तरी ऐकू काय येई? बाबांच्या ओरडण्याचे मूळ इथे आहे. माणसाचा आवाज तारेत शिरला की विजेची लाट होतो. लाट जसजशी पुढे जाते तसतशी क्षीण होते. वाटेत तिला जोर देणारी यंत्रे बसवतात, पण ती यंत्रे आवाजाबरोबर वाटेत मिसळलेली खरखरही वाढवतात. शे-दोनशे मैलांनंतर आपला माणूस वाऱ्यापावसात नदीच्या पलीकडे उभा राहून बोलतो आहे असे वाटे. गाव जितके लांब तितका आवाज मोठा काढायचा, हे लोक आपोआप शिकले होते. म्हैसूरला बोलताना बाबांचे साहेब बसून बोलत आणि दिल्लीला बोलताना उभे राहत, असे बाबा सांगतात.

मग १९८४ च्या ऑगस्टमध्ये सी-डॉट ही संस्था स्थापन झाली. सॅम पित्रोदांचे नाव आपल्याला आठवत असेलच. भारतातल्या खेड्यांसाठी, भारतातल्या उष्म्याला आणि धुळीला टिकेल असे डिजिटल एक्स्चेंज इथेच बनवायचे, हे काम तिच्याकडे होते. विलायती डिजिटल एक्स्चेंजना वातानुकूलित खोली लागे आणि ती खेड्यात कुठून आणणार? १२८ जोडण्यांचे छोटे एक्स्चेंज तयार झाले आणि १९८६ साली त्यातले पहिले बसवले गेले ते कित्तूरला. तेच कित्तूर, जिथल्या राणी चन्नम्माने १८२४ मध्ये कंपनी सरकारशी लढाई केली. बेळगाव आणि धारवाडच्या मध्ये, आपल्या कोल्हापूरच्या रस्त्यावर. बसने गावी जाताना बाबा तिथे खिडकीतून बोट दाखवत. "त्यात रिले नाहीत," एवढेच म्हणत. ते कौतुक होते की आणखी काही, ते मला तेव्हा कळत नव्हते. पात्यांचा ताण बोटांनी ओळखणाऱ्या माणसाला, ज्यात पातीच नाहीत अशा यंत्राबद्दल काय वाटत असेल?

त्या यंत्राचे तत्त्व असे. लाट पाठवायचीच नाही. आवाज सेकंदाला ८,००० वेळा मोजायचा आणि प्रत्येक मोजमाप शून्य-एकच्या आठ आकड्यांत लिहायचे, म्हणजे सेकंदाला ६४,००० शून्य-एक. वाटेत ते पुसट झाले तरी शून्य आहे की एक एवढेच ओळखायचे असते. ओळखून पुन्हा ठसठशीत लिहायचे आणि पुढे पाठवायचे. खरखर मागेच राहते. त्यामुळे शंभर मैलांचा आवाज आणि हजार मैलांचा आवाज सारखाच. आवाजावरून गाव किती लांब आहे ते ओळखण्याची सोय गेली.

डायल करून परगावी बोलण्याची सोय, म्हणजे एस.टी.डी., देशात १९६० साली लखनौ-कानपूर दरम्यान सुरू झाली होती. आपल्यापर्यंत ती खऱ्या अर्थाने पोचली ती पिवळ्या पाटीच्या बूथमधून. बूथ देताना अपंगांना प्राधान्य असे. आमच्या कोपऱ्यावरचा बूथ कुबड्या घेऊन चालणारे एक गृहस्थ चालवत. कानडी, तमिळ, तेलुगू आणि कामापुरते मराठी त्यांना येई. काचेची खोली, आत उकाडा, समोर लाल आकड्यांचे मीटर. रात्री उशिरा दर चौथाईवर येत म्हणून रविवारी रात्री रांग. त्या रांगेत किती मराठी माणसांच्या ओळखी झाल्या! आपल्या मंडळाचे दोन जुने सभासद प्रथम तिथेच एकमेकांना भेटले, हे त्यांनी स्वतः मला सांगितले आहे. ०२३१ वाले, ०२१७ वाले, ०७१२ वाले. पुण्याचा कोड तेव्हा ०२१२ होता, बंगळूरचा ०८१२. गावाच्या नावाआधी कोड सांगायची पद्धत पडली होती. बोलायचे मुद्दे आई कागदावर लिहून नेई, कारण मीटरकडे डोळे लागले की अर्धे विसरते. कागदावर पहिला मुद्दा नेहमी 'तब्येत' आणि शेवटचा 'पैसे पोचले का'.

कोल्हापूरच्या घरीही फोन नव्हताच. लग्नपत्रिकांवर तेव्हा 'पीपी' असे लिहून शेजाऱ्याचा नंबर छापत, तसा आमचा पीपी नंबर खालच्या किराणा दुकानाचा. फोन करून सांगायचे, "जरा वरच्या आजींना बोलावता का?" मग ठेवायचा आणि दहा मिनिटांनी पुन्हा लावायचा. १९९१ मध्ये बाबांनी असा आजीशी पहिला एस.टी.डी. कॉल केला. मी काचेबाहेर उभी होते. बाबा सवयीने ओरडले. पलीकडे आजीने फोन कानापासून दूर धरला असावा. मग ती म्हणाली, "आलास कधी? आणि वर न येता दुकानात काय करतोस?"

बाबा कितीतरी वेळ "बंगळुरातनं बोलतोय आई" म्हणून सांगत होते. तिला पटेना. तिच्या हिशेबाने इतका जवळचा आवाज गावातूनच येऊ शकत होता. शेवटी तिने दुकानदाराला विचारून खात्री करून घेतली. बूथमधून बाहेर आलेल्या बाबांच्या हातात बिलाची चिठ्ठी होती आणि डोळे पुसायला रुमाल सापडत नव्हता.

पुढचा इतिहास आपण सर्वांनी पाहिला आहे, तो भराभर सांगते. ३१ जुलै १९९५ रोजी ज्योती बसूंनी कलकत्त्याहून दिल्लीत सुखराम यांना पहिला मोबाईल कॉल केला. त्यानंतर पंधराच दिवसांनी, १५ ऑगस्टला, विदेश संचार निगमने सामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट सुरू केले. तेव्हा मोबाईलवर आलेल्या कॉलचेही पैसे पडत, त्यामुळे पुष्कळजण नंबर बघून फोन कापत आणि बूथवर जाऊन उलट फोन करत. येणारा कॉल फुकट झाला तो २००३ च्या मे महिन्यात. २००४ मध्ये देशातल्या मोबाईलची संख्या तारेच्या फोनपेक्षा जास्त झाली. २००६ च्या मार्चमध्ये देशात कुठेही एक रुपया मिनिट, अशी बीएसएनएलची योजना आली आणि आमच्या कोपऱ्यावरच्या बूथमध्ये झेरॉक्सचे मशीन बसले. तार २०१३ च्या जुलैमध्ये बंद झाली. शेवटच्या दिवशी देशभर तार ऑफिसांत गर्दी उसळली होती. ज्यांनी आयुष्यात तार केली नव्हती अशी मुलेही रांगेत होती.

पण मला सांगायचे आहे ते १९९४ चे. तोवर आमच्याकडे एकदाचा टेलिफोन आला होता. नोव्हेंबरातल्या एका रात्री साडेअकराला तो वाजला. थोरले काका बूथवरून बोलत होते. आजी गेली होती. बाबा या वेळी ओरडले नाहीत. "मी निघतो. थांबा," एवढेच म्हणाले आणि पलीकडून काका म्हणाले, "थांबतो." शेजारच्यांनी टॅक्सी मिळवून दिली. रात्रभर गाडी पळत होती. कित्तूर आले तेव्हा उजाडले होते. बाबांनी त्या दिवशी बोट दाखवले नाही. दुपारी दीडला आम्ही दारात उतरलो. सगळे थांबले होते. बाबांना आईचे तोंड पाहायला मिळाले.

६०० किलोमीटर तेवढेच होते. टॅक्सी काही फार वेगाने गेली नव्हती. १९८३ आणि १९९४ यांत फरक पडला तो 'थांबा' आणि 'थांबतो' या दोन शब्दांचा. कित्तूरच्या त्या यंत्राचा आमच्या फोनशी थेट काही संबंध नव्हता, हे बाबांना माझ्यापेक्षा चांगले ठाऊक. तरी परतीच्या वाटेवर ते म्हणाले, "रिले नसलेलंच बरं."

याची दुसरी बाजूही लिहायला हवी, नाहीतर हिशेब खोटा होईल. आजोबांची पत्रे आईच्या लुगड्यांच्या पेटीत आहेत, १९६२ पासूनची, सगळी. कोणत्या साली पंचगंगेला पूर आला, म्हैस किती दूध देत होती, कोणाशी भांडण झाले आणि कसे मिटले, सगळे त्यांत सापडते. १९९१ नंतर आजीशी दर रविवारी बोलणे झाले, पत्रे थांबली. तीन वर्षांतले एक वाक्यही कागदावर नाही. तिचा आवाज सेकंदाला ८,००० वेळा मोजला गेला, पण ठेवला कोणीच नाही. १९९१ च्या त्या पहिल्या कॉलच्या बिलाची चिठ्ठी बाबांनी पाकिटात जपून ठेवली होती. ती मी मध्यंतरी उघडून पाहिली. छपाई उडाली आहे. पांढरा कागद आहे.

माझ्या मुलाला मी एकदा घरातला जुना काळा फोन दिला आणि नंबर लाव म्हटले. त्याने भोकांत बोट घालून आकडे दाबले. तबकडी फिरवायची असते हे त्याच्या ध्यानीमनी नव्हते. मग आजोबांनी त्याला मागचे झाकण उघडून आतला तबकडीचा पंखा, पाती, टिचक्या कशा पडतात ते दाखवले. तासभर दोघे त्यात रमले होते. मला दोघांच्या मध्ये बसून इंग्रजीचे मराठी आणि मराठीचे इंग्रजी करावे लागले. 'पात्याचा ताण' याला त्याच्याकडे शब्द नव्हता आणि 'सॅम्पलिंग' याला बाबांकडे.

यंदाही आरतीला कोल्हापूरला फोन लावायचा आहे. बाबांना मी आधीच सांगून ठेवले, या वेळी हळू बोला.

"कोल्हापूर आहे ते," बाबा म्हणाले, "शेजार नव्हे."